आठ जणांचा रिसीव्हर

वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांच्या जिभा कधीच लुळ्या पडल्या होत्या. पण मेंदूत बसवलेल्या यंत्रामुळे मनातलं वाक्य छतावरच्या रिसीव्हरकडे जायचं आणि खाटेजवळच्या स्पीकरमधून ऐकू यायचं. सोमवारी सकाळी नववी रुग्ण दाखल झाली आणि भास्करराव निमकर गप्प झाले. डॉक्टरांच्या मते भास्कररावांच्या हातात तेवढाच दिवस होता.

"हे माझ्यावर रागावलेत का गं?" त्यांच्या पत्नीने, कुसुमताईंनी, नर्स रेहानाला विचारलं.

रेहानाने तंत्रज्ञ गुरवांना बोलावलं. त्यांनी तपासून मान हलवली.

"ते बोलताहेत, ताई. पण नऊ जण एकदम बोलले की रिसीव्हरमधल्या चिपला सगळे आवाज वेगळे करता येत नाहीत. सर्वांत क्षीण आवाज ती सोडून देते. कागदावर आमच्या गणितात ती बारा जणांना पुरत होती. आणि कुणाचं यंत्र बाहेरून बंद करायची सोयच नाही."

"कुणीतरी दोन मिनिटं थांबा," रेहाना सगळ्या वॉर्डाला म्हणाली. "भास्कररावांना बोलू द्या."

सगळ्यांनी ऐकलं. थांबलं कुणीच नाही. एकदा गप्प झालो तर आपली जागा कायमची जाईल, या धास्तीने आठही स्पीकर एकदम सुरू झाले. कुणी पाढे म्हणत होतं, कुणी नातवंडांची नावं घेत होतं. नवी बाई नुसतंच "मी आहे, मी आहे" म्हणत होती.

भास्कररावांचे डोळे बायकोवर खिळले होते. कुसुमताई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"ऐकलं हो मी," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं."