मोजून दिलेलं पाणी

"गोळ्यांचा डोस दोनदा वाढवला, तरी तुमच्या यजमानांचं सोडियम खालीच चाललंय," डॉक्टर वैतागून म्हणाले. "पाणी जास्त झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं, सांगितलं होतं ना? चोरून पाणी देताय का?"

"सातेरी देवीची शपथ, मोजूनच दिलंय. चायसुद्धा बंद केलंय," आनंदीने हात जोडले. सगुण पाणी पाणी करायचा, तेव्हा ती नुसता ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवायची. आज सकाळी त्याने तिलाच विचारलं होतं, "तू कोण गो?"

"उद्यापर्यंत आकडा चढला नाही तर झटके येतील," एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले आणि मग वॉर्डाबाहेर गेले.

थोड्या वेळाने लेक सेजल आली. रोजच्यासारखं तिने घरच्या माडाचं कोवळं शहाळं तासून आणलं होतं. आनंदीने सगुणला उठवून धरलं. त्याने ते घटाघटा संपवलं. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचे डोळे.

"गोळ्यांचो गुण येणा नाय," ती लेकीला म्हणाली. "आता ह्योच काय तो आधार. उद्या दोन आण गो बाय."