नाव घे

लॅपटॉपवरच्या चिनी सिनेमात एका बाईला टेबलावर उभं केलं होतं. खाली गर्दी, गर्दीच्या हातात झेंडे. बाई काहीतरी ओरडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणली ती?" तूर पाखडता पाखडता जानकीबाईनं विचारलं.

"हा माझा नवरा न्हाई म्हणली," तिच्या लेकीनं, दिपालीनं सांगितलं. "त्यांच्याकडं तवा लई उलथापालथ झालती. ज्याच्यावर पक्षाची वाकडी नजर, त्याला घरच्यांनीच चारचौघांत नाकारायचं. न्हाईतर सगळ्या घराची वाट लागायची."

दिपाली माजलगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. राजकारणानं मोडलेली घरं चिनी सिनेमात कशी दिसतात, यावर तिला सोमवारच्या चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. सकाळपासून ती हाच प्रसंग मागं-पुढं करून बघत होती.

"लेकरं हायत का तिला?"

"दोन हायत."

"मंग काय करीन बिचारी," जानकीबाई म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

दारात दोन मोटरसायकली थांबल्या. दिपालीचा धाकटा भाऊ प्रविण उतरला. मागून बंकट आणि आणखी दोघं. गावातल्या आंदोलनाची समिती बंकटच्या शब्दावर चालायची.

आरक्षणावरून गाव उभं चिरलं होतं. एकमेकांच्या दुकानात जायचं नाही, लग्नाला नाही, मयतालाही नाही, असं दोन्हीकडच्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यातच मंगळवारी दुसऱ्या बाजूचा, पलीकडच्या आळीतला धुळाजी वारला. दिपालीचा बाप गहिनीनाथ आणि धुळाजी वर्षानुवर्षं एकाच टोळीत ऊस तोडायला जायचे, पाचटाच्या एकाच कोपीत झोपायचे. गहिनीनाथनं तिरडीला खांदा दिला. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि दिवस मावळायच्या आत गावभर फिरवलं. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं त्यांचं दळण न दळताच माघारी पाठवलं.

गहिनीनाथ ओसरीवर दोर वळत बसला होता.

"काका, कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोला," बंकट म्हणाला. "चूक झाली म्हणा. मिटलं."

"झालीच न्हाई तर कावून म्हणू? उद्या धुळाजीच्या घरात पुन्हा कुणी वारलं, तर पुन्हा जाईन."

त्यानं दोर खुंटीला अडकवला आणि बैलांना कडबा टाकायला घरामागच्या गोठ्याकडं निघून गेला. बोलणं झालं होतं त्याच्या बाजूनं.

बंकट मोटरसायकलला टेकला. "मंग तुझं तू बघ बे," तो प्रविणला म्हणाला. "बाप तुझा हाय."

प्रविणचे कान लाल झाले. दोन दिवस ग्रुपवर पोरं त्याला काय काय म्हणत होती, ते त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं मोबाइल काढला आणि आईसमोर धरला.

"आई, तू बोल. अण्णांसंगं आमचं काई न्हाई, एवढंच म्हण."

"मी? मी काय बोलू रं?"

"युसूफ वडगावहून ताईच्या होणाऱ्या सोयऱ्यांचा फोन आलता. त्यांनी बी बघितलंय. तू न्हाई बोलली तर ताईचं लगीन मोडतंय, ध्यानात ठेव."

जानकीबाईनं लेकीकडं पाहिलं. शिकलेली लेक आता काहीतरी बोलेल, भावाच्या हातातला मोबाइल हिसकून घेईल, असं तिला वाटलं.

दिपालीनं लॅपटॉप मिटला. थोडा वेळ ती त्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.

"थोडक्यात उरकू, आई," ती म्हणाली. "मी सांगते तसं म्हण. यांनी जे केलं ते आम्हाला मान्य नाही. आमचा यांच्याशी काही संबंध नाही. एवढंच."

जानकीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. प्रविणनं बटण दाबलं.

"ह्यांनी जे केलं..."

"थांब, थांब," प्रविणनं तिला अडवलं. "ह्यांनी म्हंजी कुणी? बघणाऱ्याला कसं कळंल? नाव घे."

जानकीबाईनं पदर तोंडावर ओढला. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. दवाखान्यात कुणी विचारलं, मतदानाला विचारलं, तर ती सोबतच्या बाईला पुढं करायची आणि पदराआड हसायची. हाक मारायची झाली तर "आवो" म्हणायची. कधी तेही नाही, नुसत्या बांगड्या वाजवायची.

"ताई, सांग ना तिला."

"घे ना आई नाव," दिपाली म्हणाली. तिनं आईकडं बघितलं नाही. "काही होत नाही."

जानकीबाईनं नाव घेतलं. ते पदरातच राहिलं.

"काकी, ऐकू येत न्हाई," बंकट दारातून म्हणाला. "जरा मोठ्यानं."

प्रविणनं पुन्हा बटण दाबलं. जानकीबाईनं तोंडावरचा पदर बाजूला केला, डोळे गच्च मिटले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला.

"गहिनीनाथ!"

घरामागून लगेच ओ आली. "ओ! आलो, आलो."

गहिनीनाथ घराला वळसा घालून लगबगीनं पुढं आला. काखेत कडब्याची पेंढी तशीच. दम लागला होता, तरी तो हसत होता. एखाद्या नव्या नवरदेवासारखा लाजला होता म्हातारा.

"काय गं?" त्यानं विचारलं. "काय झालं?"

जानकीबाईनं डोळे उघडले नाहीत. दिपालीनं मान भिंतीकडं वळवली.

प्रविणनं मोबाइल खाली घेतला नाही. "अण्णा, तुमी मधी बोलू नका," तो म्हणाला. "आई, पहिल्यापासून घे."