फुलवंताबाईचा आवाज

"गानं नका लावू. मी तशीच गास," म्हातारी म्हणाली.

योगेंद्रने स्टँडवरचा मोबाईल तिच्याकडे वळवला. लाइव्हला माणसं वाढत होती. रनाळ्यातल्या त्याच्या ओसरीवर चारच जणं, पण पडद्याआड अख्खा जिल्हा येऊन बसला होता. वर सुरतेतले खानदेशी वेगळेच.

कारणही तसंच होतं. त्याचा बाप रतिलाल गेल्यावर पेटीत एक कॅसेट सापडली. कव्हरवर बापाच्या अक्षरात एवढंच, 'कानबाईची गाणी, फुलवंताबाई, म्हसावद'. आता घरात टेप कुठला? योगेंद्रने शहाद्याच्या भंगारातून एक उचलला, जळकी मोटर काढून मिळेल ती बसवून घेतली आणि गाणी मोबाईलवर घेऊन चॅनेलला टाकली. मग काय विचारता! इतका पातळ, इतका चपळ आवाज, लोक येडे झाले. श्रावणात कानबाई देवी बसवणाऱ्या बायांनी स्वतः गायचं सोडलं आणि ब्लूटूथवर फुलवंताबाई लावली. रिंगटोन तिची, रील तिचे.

मग गावोगावी फुलवंताबाया उगवायला लागल्या. योगेंद्र प्रत्येकीला लाइव्ह गायला लावायचा आणि एका कडव्यात घरी पाठवायचा. त्याचा त्याला जरा माजही चढला होता, खोटं कशाला बोला.

ही मात्र खरोखर म्हसावदची निघाली. नावही फुलवंताबाईच. अर्धा जन्म सुरतेत काढून परत आलेली. तिचं गाणं ऐकलेली माणसं कधीच वर गेली होती, आणि आधार कार्डावर काही आवाज छापलेला नसतो. मोबाईलवर स्वतःचं गाणं आहे हे तिला नात मोहिनीने सांगितलं, आणि तिनेच एसटीने इथवर आणलं.

"घरमा कोनी खरं मानत नहीं, भाऊ," म्हातारी म्हणाली. "पोऱ्या म्हनस, माय, तुले भास व्हस. मरानं पहिले एकदाव कोनी तरी म्हनो, हाई तूच शे. मंग बस."

ती गायली. शब्द एकूण एक बरोबर, पण ते आता शेंबड्या पोरालाही पाठ होते. आवाज मात्र जाडाभरडा आणि गाणं संथ, अगदी निवांत. खाली कोणीतरी लिहिलं, 'आजी झोपली का?'

योगेंद्रने चॅनेलवरचं गाणं लावलं. म्हातारी मोबाईलजवळ वाकली. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शब्द मन्हाच शेतस," ती म्हणाली. "पन गानं इतलं पळी का ऱ्हायनं? कानबाईपुढे कोनले घाई व्हती?"

पडद्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांचा पूर आला. योगेंद्रलाही हसू आवरलं नाही.

"वयानं आवाज बसस, माय. ते मी समजस," तो म्हणाला. "पन चाल कशी बदली?"

म्हातारीने मोहिनीचा हात घट्ट धरला.

योगेंद्रची बायको ममता दारातून हे सगळं बघत होती. ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "लाइव्ह बंद करा ना. एकांतमा सांगा तिले."

पण लोक निकालासाठी थांबले होते. योगेंद्र मोबाईलकडे वळला आणि शाळेतल्या मराठीत म्हणाला, "मित्रांनो, ही आपली फुलवंताबाई नाही."

म्हातारी रडली नाही. पदर सावरून उठली आणि नातीला म्हणाली, "आते घर काय सांगसूत?"

मोहिनीने तिची पिशवी उचलली. दोघी फाट्याकडे निघाल्या. इकडे 'खोटारडी', 'लाज नाही वाटत का' असा पाऊस पडत होता. योगेंद्रला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोट्याला खरं कसं म्हणायचं?

ममता मात्र पिच्छा सोडेना.

"कॅसेटनी दुसरी बाजू ऐकी का तुम्ही?"

"कोरी शे. नुसती खरखर."

"पुरी ऐकी?"

पुरी कोण ऐकतो? पण लाइव्ह चालूच होता आणि तिचं बोलणं तिकडच्यांनाही ऐकू गेलं. 'लावा, लावा' सुरू झालं. योगेंद्रने वैतागून कॅसेट उलटी घातली.

बराच वेळ खरखर. मग भांडी वाजली, बायका हसल्या. मग अगदी जवळून कोणीतरी बोलायला लागलं. बारीक, चटचट, मिसरूड न फुटलेल्या पोराचा आवाज.

"हाऊ कोना पोऱ्या शे?" ममताने विचारलं.

योगेंद्रने खांदे उडवले आणि टेपचा आवाज वाढवला.

"टेप नवा शे, तपासी ऱ्हायनू," तो पोरगा म्हणत होता. "मी रतिलाल बोली ऱ्हायनू. आज मन्हा पोऱ्यानं बारसं शे. नाव ठेवं योगेंद्र."