नाकातलं वजन

“हात लावू नकोस, पंख्याचा गोंद अजून सुकलेला नाही,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी चिमटा खाली ठेवला. एकशे अठरा तुकड्यांमधला शेवटचा तुकडा जागेवर बसला होता. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा हात तसूभरही हलला नव्हता. ते लेकीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, म्हणून तो तुकडा त्यांनी ती येईपर्यंत राखून ठेवला होता.

चाळीस वर्षं हा खोका कपाटावर पडून होता. आत युद्धातल्या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, सुट्या भागांत. लेक तीन वर्षं सांगत होती, आता माझ्याकडे राहायला या. अप्पांनी पहिल्याच वेळी ठणकावून नाही म्हटलं होतं, आणि तोंडातून गेलेला नकार परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. मग गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला. शेजारणीने फोन केला. लेक धावत आली, भांडली, रडली. शेवटी पैज अप्पांनीच लावली.

“हे विमान मी एकटा बांधतो. एक चूक दाखव, बॅग घेऊन तुझ्या मागे येतो. नाही सापडली, तर हा विषय बंद.”

पैज लावणारा गडी कच्चा नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या, आणि त्या घालून म्हातारी माणसं ऐटीत हाडं चघळत होती.

पंखा सुकला तशी लेकीने भिंग हातात घेतलं. ती याच टेबलापाशी अशी विमानं बांधत लहानाची मोठी झाली होती. कुठे बघायचं ते तिला ठाऊक होतं. सांध्यावर रेघ नाही. काचेवर बोटाचा ठसा नाही. जुनाट, पिवळी पडलेली चिकटवायची चिन्हंसुद्धा एकही सुरकुती न पडता बसलेली. घरी मागची खोली तिने रंगवून ठेवली होती. शेजारणीचा फोन आला की तो जीव मुठीत धरून उचलायचा, याचा तिला आता वीट आला होता.

“काय बाईसाहेब, सापडतंय का काही?”

“नाही,” ती म्हणाली. ते म्हणणं तिला फार जड गेलं.

“मग स्वारी उभी करू या.”

अप्पांनी विमान स्पंजवरून उचललं आणि चाकांवर ठेवलं. दोन चाकं पंखांखाली, एक नाकाखाली. त्यांनी हात काढला. नाक हळूच वर गेलं आणि शेपटी टक्कन टेबलावर आपटली.

असल्या विमानाच्या नाकात ते बंद करण्याआधी शिशाच्या गोळ्या भराव्या लागतात, नाहीतर ते शेपटीवर बसतं. नवशिके हमखास करतात ती ही चूक. आता नाक फोडल्याशिवाय ती दुरुस्त होणार नव्हती.

“राहिलंच की,” अप्पा म्हणाले. “हरलो बुवा. शब्द म्हणजे शब्द.”

ते उठले आणि बॅग भरायला आत गेले.

लेक जिंकली होती, पण तिला आनंद झाला नाही. गॅस विसरणं वेगळं. अप्पा नाकातलं वजन विसरतात, म्हणजे माणूस खरंच हातातून निसटत चालला, असं वाटून तिला भरून आलं. डोळे पुसत तिने टेबल आवरायला घेतलं. चिमटे, ब्रश, रंगाच्या बाटल्या खोक्यात भरल्या आणि घडी घालायला कृतीचं पत्रक उचललं. प्रत्येक पायरीपुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती. फक्त चौथीपुढे, नाकात गोळ्या भरण्याच्या पायरीपुढे, नव्हती. तिथे अप्पांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘वजन घालायचं नाही. विसरू नये.’