दारावरचे फोड

तिसरी गाडीसुद्धा फोड घेऊनच परत आली.

गाडी काळी, लांबलचक, बाईंच्या राहत्या घरापेक्षा महाग. मागच्या दारावर, मुठीच्या जरा खाली, रंग फुगला होता. मोहरीएवढे फोड, एकामागे एक, वळणदार ओळीत. बाईंनी त्यातला एक फोड नखानं फोडला. आतून पांढरी भुकटी गळली.

"सूनबाई!"

हाक मारून बाईंनी उजव्या हाताची अंगठी टेबलावर आपटली. टक, टक. गाड्या रंगवायच्या या कारखान्यात घंटा नव्हती आणि कुणाला ती लागतही नव्हती. कारखाना उघडला तेव्हा सोनं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून नवऱ्यानं एक पोलादी नट आतून कातून बायकोच्या बोटात घातला होता. नवरा गेला, नट राहिला. आता तो बोटातून निघतही नव्हता, आणि बाईंना काढायचाही नव्हता.

सूनबाई मास्क गळ्याशी ओढत आली. हाताला करडा रंग लागलेला.

"हे दार कुणी केलं?"

"मी."

"आणि आधीची दोन?"

"तीही मीच, आई. मिस्त्रीकाका सुट्टीवर होते ना, त्या चार दिवसांत."

मिस्त्री कोपऱ्यात स्प्रेगन धूत होते. त्यांनी मान वर केली नाही. बारा वर्षांत त्या माणसानं तेवढीच सुट्टी घेतली होती, गेल्या उन्हाळ्यात, बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी.

"बारा वर्षं एक फोड नाही," बाई म्हणाल्या. "तू चार दिवस हात लावलास आणि तीन गाड्यांना देवी आल्या!"

यात खोटं काही नव्हतं. बाईंची शाळा चौथीत सुटली, पण या गाड्यांचं मर्म त्यांना पाठ होतं. यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा. त्याला लोखंडाचा कणसुद्धा खपत नाही. उघड्या पत्र्यात लोखंडाची एवढीशी कणी रुतली आणि वरून रंग बसला, की आत दोन सवती कोंडल्यासारखं होतं. ओल मिळाली की भांडण पेटतं, आणि आठ-दहा महिन्यांनी फोड वर येतात. म्हणून बाईंनी कारखान्याच्या मधोमध भिंत घातली होती. लोखंडाचं काम पलीकडे, ॲल्युमिनियमचं अलीकडे. ब्रश वेगळे, फडकी वेगळी, चपलासुद्धा वेगळ्या. एकदा एकजण पलीकडचा ब्रश घेऊन अलीकडे आला, तर बाईंनी त्याला ब्रशासकट बाहेर काढलं होतं.

"पलीकडचं काही वापरलंस?"

"नाही."

"घाईत? चुकून?"

"नाही म्हटलं ना, आई."

"कळेलच. कपाटात लोखंड सापडलं तर गन खाली ठेवायची. कायमची. उद्यापासून पुन्हा फोन उचलायला बसायचं."

सूनबाईचा चेहरा उतरला. तीन वर्षं तिनं काउंटरवर फोन उचलले होते. नवऱ्याला रंगाच्या वासानं डोकं दुखतं, तो या धंद्यात फिरकत नाही. हिला मात्र तोच वास सोडवत नव्हता. मिस्त्रींच्या मागे लागून लागून ती हे काम शिकली होती.

बाईंनी दोरीला बांधलेलं लोहचुंबक आणलं. अलीकडचं कपाट उघडलं. ब्रश, घासायच्या चकत्या, फडकी, सगळ्यांवरून चुंबक फिरवलं. एकदा, दोनदा. फडकी झटकून, उलटी करून पाहिली.

काही चिकटलं नाही.

बाईंचा जीव थाऱ्यावर येईना. लोखंड सापडलं असतं तर बरं झालं असतं. त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या, मग दुसरी. गाडीच्या मालकीण डॉक्टरीणबाई बाहेर खुर्चीत बसून घड्याळ बघत होत्या. त्यांना सांगायचं तरी काय?

"कपाट स्वच्छ आहे," सूनबाई हळूच म्हणाली.

"कपाट स्वच्छ आहे, दार नाही!" बाई गर्रकन वळल्या. "तीनही दारं प्रायमरच्या आधी मी स्वतः तपासली होती. आठवतं?"

"आठवतं."

आठवणारच. घासून उघडा केलेला प्रत्येक पत्रा बाईंच्या उजव्या तळव्याखालून गेल्याशिवाय त्यावर थेंब पडत नसे. वरून खाली, कमानीसारखा, दाबून हात फिरवायचा. डोळा फसतो, माझा हात फसत नाही, हे त्या गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवत.

"माझ्या हाताखाली पत्रा आरशासारखा होता. म्हणजे घाण झाली ती माझ्यानंतर. माझ्यानंतर तिथं कोण होतं?"

"मी. पण मी लगेच प्रायमर मारला, आई. दुसरं काहीच केलं नाही."

"मग माझा हात खोटा?"

सूनबाईनं मास्क डोक्यावरून काढला. ॲप्रनची गाठ सोडली, घडी घातली, टेबलावर ठेवली.

मिस्त्रींनी कॉम्प्रेसर बंद केला.

"बाई, जरा थांबा."

"तुम्ही मध्ये पडू नका, मिस्त्री. तुमचीच शागीर्द."

"म्हणूनच बोलतो. मी शिकवलं त्यातलं सूनबाईंनी तसूभर चुकवलं नाही. मी स्वतः केली असती तशीच केलीत तीनही दारं." ते अडखळले. "जवळजवळ तशीच."

"जवळजवळ म्हणजे? काय राहिलं हिच्याकडून?"

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिले.

"त्यांच्याकडून नाही राहिलं. मीच एक गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. कुणालाच नाही."

"आता तरी सांगाल का? का मुहूर्त काढू?"

मिस्त्रींनी एकदा सूनबाईच्या घडी केलेल्या ॲप्रनकडे पाहिलं, मग बाईंच्या बोटातल्या नटाकडे.

"तुम्ही हात फिरवून गेलात ना बाई, की मी पत्रा पुन्हा घासतो. बारा वर्षं."