मिसिंग

बळवंतने चालू इंजिनाच्या तिसऱ्या प्लगची वायर उपटली. आवाजात काहीच फरक पडला नाही. पहिल्या दोन वायरी काढल्या तेव्हा इंजिन बंद पडायला आलं होतं. ही काढली तरी ते आधीसारखंच थरथरत राहिलं.

"हाच मेलाय," तो म्हणाला. "वहिनी, बंद करा."

ॲक्सिलेटरवर पाय ठेवून बसलेल्या रत्नाबाईने चावी फिरवली. तिचा नवरा शिवाजी बॉनेटवर वाकला. बोईसरच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून ही जुनी फियाटच त्याचा धंदा होती. रोज सकाळी तो कॉलनीतली पोरं तिच्यात कोंबायचा आणि पालघरच्या शाळेत नेऊन सोडायचा. पण गेला महिनाभर गाडीने त्याला रडकुंडीला आणलं होतं. उभी केली की अंगात आल्यासारखी हलायची, बंद पडायची. बळवंतने दुरुस्त करून द्यावी आणि चार दिवसांत पुन्हा मिसिंग, इंजिनाचे ठोके चुकणं, सुरू व्हावं. गाडी गॅरेजला आली की पोरांना रामनाथ आपल्या रिक्षातून नेई.

बळवंतने प्लग काढून उजेडात धरला. टोकाची फट मिटली होती. ठिणगी पडायला जागाच नव्हती.

"भाऊ, हे आपोआप नाय होत. कोणीतरी ठोकून बंद केलंय. पयल्या वेळी वायर ढिली, मग कार्बुरेटरची नळी निघालेली, आता हे. तुमच्या गाडीला कोणाचा तरी हात लागतोय."

 शिवाजीने खालचा मोठा पाना उचलला.

"रामनाथ," एवढंच तो बोलला आणि नाक्यावरच्या रिक्षा स्टँडकडे निघाला.

रत्नाबाई घाईने गाडीतून उतरली आणि त्याच्या आडवी उभी राहिली.

"त्या बिचाऱ्यानं काही नाही केलं. मी केलंय."

शिवाजीला आधी समजलंच नाही. घरी गाडीची किरकोळ दुरुस्ती करताना तोच तिला शेजारी उभी करायचा, हे दे, ते धर म्हणायचा. ती ते सगळं शिकली असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मासवणहून येताना पुलावर मी ओरडले होते, आठवतंय?" रत्नाबाई म्हणाली. "तुम्ही म्हणालात, का ओरडलीस. अहो, डोळे उघडे होते तुमचे. हाक मारली, हलवलं, तुम्ही नव्हताच तिथं. गाडी कठड्याकडं चालली होती. स्टेअरिंग मी ओढलं."

"डुलकी लागली असेल."

"तेव्हाही हेच म्हणालात. डॉक्टरकडं चला म्हटलं तर अंगावर आलात. त्यानंतर घरात दोनदा झालं, जेवता जेवता. घास हातात, आणि तुम्ही नाही. कसं सांगू तुम्हाला? त्या गाडीत दुसऱ्यांची लेकरं असतात."

बळवंत मान खाली घालून प्लग पुसत राहिला.

शिवाजीला पूल आठवला, तिचं ओरडणंही आठवलं. त्या दोहोंच्या मधलं काहीच आठवेना. आठवला तो चिंतू. सगळ्यांत लहान, पुढच्या सीटसाठी भांडणारा. मागच्याच आठवड्यात त्याने विचारलं होतं, "काका, मी हाक मारतो तेव्हा तुमी ओ का देत नाय?" पोरं खिदळली होती. शिवाजीही हसला होता.

त्याने पाना बाकावर ठेवला. 

बळवंतने नवा प्लग बसवला, वायर दाबली आणि स्वतःच गाडी सुरू केली. इंजिन एका लयीत चालू लागलं. कुठे झटका नाही, थरथर नाही. इतकी चांगली ती कधीच चालली नव्हती. शिवाजी ऐकत उभा राहिला.

"बळवंत, गाडी तूच घरी लाव," तो म्हणाला. "हिलाही सोड."

"अहो, तुम्ही कुठं चाललात?" रत्नाबाईने विचारलं. तो नाक्याकडे चालू लागला. मग तीही मागोमाग निघाली.

रामनाथ रिक्षात आडवा पडला होता. शिवाजीला येताना पाहून तो उठून बाहेर आला. पोरं पळवल्यावरून या माणसाने दोनदा त्याची गचांडी धरली होती. तो दोन पावलं मागे सरकला.

शिवाजी जवळ आला. 

"उद्यापासून पोरांना तूच ने," तो म्हणाला. "तो चिंतू पुढं बसायचा हट्ट करील. बसवू नको. हात बाहेर काढतो."