बैलावरची नवरी

दिग्रसच्या स्टँडजवळच्या स्टुडिओत नयन मानीबाईंच्या लेकीच्या लग्नाची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत होता. मानीबाई शेजारीच बसल्या होत्या. बंजारा तांड्याच्या रिवाजानं नवरी बैलावर उभी राहून निरोपाचं गाणं म्हणायला लागली, की कॉम्प्युटर ठप्प! त्यानं वायर बदलली, ड्रायव्हर नव्यानं टाकला, कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरात घेणारं कॅप्चर कार्डही दुसरं लावलं. तरी चित्र तिथंच थिजायचं. फक्त दर खेपेला नवरीची मान कॅमेऱ्याकडे थोडी जास्त वळलेली असायची. वैतागून त्यानं कार्डच उपटलं. नवरी तरीही पडद्यावरून हलली नाही. उलट स्पीकरमधून गाणं सुरू झालं. "मावशी, मशीन बिघडली," तो चाचरला. "राहू दे बाबू, दुरुस्त नोको करू. खाली उतरली का सासरी नेतेत तिले. मागच्या खेपी तिथून मढंच आलतं." गाणं थांबलं. नवरीनं "याडी!" अशी आईला हाक मारली. मानीबाईंनी ओ दिली.